रशीदाबी, तुझा हात उलटाच होता

काल तुझा चाळिसावा झाला, रशीदा. तुमच्या अंगणात मेहकरातल्या निम्म्या बाया जमल्या होत्या आणि एकेक जण डोळ्याला पदर लावून सांगत होती की रशीदाबीची जीभ म्हणजे नुसता मध. मध! मी आमच्या परसात, भिंतीच्या अलीकडे उभी राहून ऐकत होते. मला असं हसू फुटलं की माजघरातून सासूबाई ओरडल्या, "काय झालं वो? भूत पाह्यलं का?" पाटलिणीच्या हातात बांगडी जाईना तेव्हा चार बायांसमोर तिला "हा हात हाये का मुसळ?" असं विचारणारी तू. तीच पाटलीण काल सगळ्यांत मोठ्यानं रडत होती. ढोंगी मेली.

माणूस मेलं की त्याला धुऊनपुसून गोड करून टाकायचं, ही रीत मला मुळीच पटत नाही. तू गोड नव्हतीस. तू तोंडाळ होतीस, हेकट होतीस, आणि लेसच्या कामात तर ठार उलटी होतीस. हे शेवटचं मी तुला जन्मभर सांगत आले आणि तू एकदाही कबूल केलं नाहीस. आता तू मातीआड झालीस म्हणून मी गप्प बसेन असं वाटत असेल, तर तू मला ओळखलंच नाहीस बाई.

आणि मेलीस तरी कशानं, तर तापानं. साध्या तापानं! मी भिंतीवरून घसा कोरडा करून सांगत होते, दवाखान्यात जा, दवाखान्यात जा. तर म्हणे, "डाक्टर नाडी पाहाले हात धरते. गावाचे हात म्या धरते, माहा हात कोनी नाई धरत." घे. नाही धरला कोणी. आता खुशाल पडून राहा तुझी अकड उशाशी घेऊन. मला राग आला की मी लिहितानाही तुमच्यासारखी वऱ्हाडी होते, म्हणून जपून लिहिते आहे. नाहीतर तुला असं बोलले असते की कबरीतून उठून भांडायला आली असतीस.

तुझं घर आणि माझं घर पाठीला पाठ लावून. मधे परसाची भिंत, कमरेएवढी. तू मणियाराची, मी तहसिलीतल्या कारकुनाची. बांगड्या भरायला तू आमच्या ओसरीवर यायचीस, माझा हात हातात घेऊन, बोटं दाबून दाबून बांगडी चढवायचीस. त्याला कोणाची ना नव्हती. पण त्याच हाताशेजारी बसून दुसरं काही करायचं म्हटलं की आमचा धर्म बुडायचा. तुमच्याकडेही काही उजेड नव्हता. तुझी सासू होती तोवर तिला मी परसात उभी दिसलेलीसुद्धा खपत नसे. दोघी म्हाताऱ्या एका माळेचे मणी. त्यामुळे आपलं जे काय झालं ते त्या भिंतीवर झालं.

माझं बाळ गेलं तेव्हा गावातल्या बाया येऊन रडून गेल्या. प्रत्येकीनं जाताना एकेक शहाणपण ठेवलं. देवाची मर्जी म्हणाल्या, पुढच्या वर्षी पाळणा हलेल म्हणाल्या. (हलला नाही. त्या सगळ्यांचं तोंड एकदा बघायला हवं होतं.) मी दुपारभर परसात बसून राहायचे, हात मांडीवर टाकून. एके दुपारी तू भिंतीवर काहीतरी आपटलंस. भुसा भरलेली गोल उशी, तिच्यावर भोकं पाडलेला पुठ्ठा, त्याला तू खाका म्हणायचीस. त्या खाक्यावर टाचण्यांचं रान माजलेलं, आणि दोऱ्यांना लटकलेल्या लाकडी कांड्या, वजनासाठी बुडाला तुमच्याच दुकानातले काचमणी ओवलेल्या.

"रडून पाह्यलं ना?" तू म्हणालीस. "काई झालं का त्यानं? मंग ऊठ. रिकामे हात डोकं खातात."

मी म्हटलं, "हे काय आणलं?"

"मिशनच्या मड्डमीची लेस. सुई नाई, काई नाई. नुसत्या कांड्या इकडून तिकडं टाकाच्या. गाढवालेबी येते. तुले येते का पाहू."

त्या दिवसांत माझ्याशी नेहमीसारखं वाईट बोलणारी तू एकटीच होतीस. बाकी सगळे हळू आवाजात बोलायचे, जसं काही मीच मेले होते. त्या एका दुपारबद्दल मी तुझी ऋणी आहे, हे मी तुला कधी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर तू "चाल बे" म्हणून थुंकली असतीस. तेव्हा राहिलं ते राहिलं.

मग सुरू झालं आपलं. उशी भिंतीच्या माथ्यावर, पलीकडे तू दगडावर बसलेली, अलीकडे मी उभी. तू टाकून दाखवायचीस, मी समोरून बघून तसंच करायचे. काम म्हटलं तर एवढंसं. चार दोरे घ्यायचे, मधल्या दोघांतला एक दुसऱ्यावरून टाकायचा, मग कडेच्या जोड्यांना एकेक पीळ द्यायचा, मग पुन्हा मधले. टाचणी खोवायची, पुढं जायचं. एवढ्याशातून जाळीदार कापड होतं आणि खाक्याच्या वळणावरून फिरवत नेलं की पाकळी होते. अशा पाच पाकळ्या वेगवेगळ्या करायच्या, टाचण्या काढायच्या, बुडाशी जोडायच्या, की फूल. मी दोरा ढिला सोडला की तू विचारायचीस, "हे पाकळी हाये का गाईची जीभ?" ओढून धरला की, "गळा आवळते का कोनाचा?" वर्षभर माझ्या हातून एक पाकळी तुझ्या पसंतीला उतरली नाही. पुढंही उतरली नाही म्हणा.

आपल्या दोघींची लेस तूच पोतडीत घालून मिशनच्या बंगल्यावर न्यायचीस. माझी तुझ्यातच मिसळून, कारण कारकुनाची बायको मिशनचं काम करते हे कोणाला कळून चालणार नव्हतं. तू म्हणायचीस, मड्डमीले काय कळते. मड्डमीला कळलं. ती एक दिवस डोक्यावर टोपलीएवढी टोपी घालून तुमच्या परसात आली, हातात दोन पाकळ्या घेऊन. मी आमच्या बाजूला लिंबाच्या आड उभी.

"रशीदाबी," ती तिच्या त्या पुठ्ठ्याच्या मराठीत म्हणाली, "ही पाकळी बरोबर आहे. ही पाकळी चूक आहे. ही कोणी केली?"

आणि बरोबर ठरलेली पाकळी माझी होती! तुला 'इंदिराबाईनं' असं माझं नाव सांगावंच लागलं. आठवतं ना? नाही आठवायचं तुला. मला मात्र काल झाल्यासारखं आठवतं.

भानगड अशी होती. मड्डमीनं तुला शिकवलं तेव्हा ती खुर्चीवर बसलेली आणि तू तिच्यासमोर चटईवर. ती डावा दोरा उजव्यावर टाकायची. समोरून बघणाऱ्या तुला तो तुझ्या उजव्या अंगाचा दिसायचा, म्हणून तू उजवा डाव्यावर टाकायला शिकलीस. पिळाचंही तसंच. मग तुझ्यासमोर भिंतीअलीकडे उभं राहून मी शिकले, आणि तुझं उलटं माझ्याकडे येऊन पुन्हा सुलटं झालं. गुरू चूक आणि चेली बरोबर! कोणी एकदा जरी कोणाच्या शेजारी बसलं असतं तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. पण शेजारी कोण बसणार? मड्डमीकडे खुर्ची एक होती, आणि आपल्याकडे दोन सासवा होत्या.

मी इतकी खूश झाले की त्या दिवशी पोळ्या करपल्या. संध्याकाळी भिंतीशी आलीस ती लाल होऊन.

"म्या शिकवलं तुले! तू बरोबर अन् म्या चूक? थे मड्डमच उलटी हाये. तिच्या मुलखात ऊन तरी पडते का धड?"

"मड्डमीनं मड्डमीकडची लेस दाखवली," मी म्हटलं. "तिची उलटी कशी असेल?"

"काऊन नाई? तुह्या घरी तूच उलटी हाये."

मड्डमीनं तुला हात बदलायला सांगितलं. तिच्या तोंडावर तू "हाव, हाव" म्हणालीस आणि घरी येऊन पुन्हा उजवा डाव्यावर. शिकता आलं नसतं असं नाही, शिकायचं नव्हतं. ही कसली मिजास? एक दोरा डावीकडून टाकला तर तुझ्या मणियार खानदानाचं नाक कापलं जाणार होतं? मी तुला हे विचारलं होतं. तू कांडी फेकून मारलीस. लागली नाही.

एकदा तुला माहेरी, रोहिणखेडला जावं लागलं आणि तुझी अर्धी पाकळी मी पुरी केली. जिथं तुझा हात संपून माझा सुरू झाला तिथं आरपार एक रेघ उमटली. दोऱ्यांचा वरखाली होण्याचा क्रमच फिरतो ना तिथं. डोळ्यांना पुसट दिसते, पण अंगठा फिरवला की लगेच लागते. दोन हातांच्या पाकळ्या एका फुलात खपतात, एका पाकळीत दोन हात खपत नाहीत. मड्डमीनं ती पाकळी केरात टाकली. तू परत आल्यावर म्हणालीस, "तुह्या हातानं माही पाकळी बाटली." आणि अशी हसलीस, अशी हसलीस, की माझ्या सासूबाई बाहेर आल्या. बाटली म्हणे! आमच्या घरात जो शब्द तुमच्यासाठी ठेवला होता तो तू बिनदिक्कत उचलून माझ्याच तोंडावर फेकलास. मला राग यायला हवा होता. मीही हसले, ते चुकलंच.

त्यानंतर तेच भांडण, रोज. निरनिराळ्या निमित्तानं, पण तेच. तुझं शेवटचं वाक्य ठरलेलं: "कारकुनीन, मरशीन तवा कबूल करशीन." बघ, आधी कोण मेलं.

यंदा तुझ्या हसीनाचा निकाह ठरला. पिंपळगाव राजा गावचं स्थळ, मुलगा धड, घर शेतीचं. तुझ्या डोक्यात आलं की पोरीच्या ओढणीला कपाळावर येईल असं लेसचं फूल करायचं. इतकी वर्षं फुलं करून मड्डमीच्या पेटीत टाकली, एक तरी घरात राहायला पाहिजे. इथवर ठीक. पण फूल कोणतं? मड्डमीचा गुलाबाचा खाका होता, चांगला होता. तो तू बाजूला सारलास आणि स्वतः पुठ्ठ्यावर भोकं पाडलीस. मी विचारलं, हे काय? तर म्हणे पऱ्हाटीचं फूल.

"लग्नात? पऱ्हाटीचं? लोक हसतील."

"गुलाब काय तुह्या बापानं पेरला इथी? मले जे दिसते थे म्या करते."

मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं? अख्खं वऱ्हाड कापसानं पिंजून निघालंय. खामगावच्या जिनातून गठाणी विलायतेला जातात, तिकडून त्यांचा दोरा होऊन मड्डमीच्या पेटीत येतो, आणि त्या दोऱ्याचं तू पुन्हा पऱ्हाटीचं फूल करणार? "हाव," तू म्हणालीस, "घरी वापस आनते." आणि कांड्या खडखडवायला लागलीस. तुझ्याशी वाद घालणं म्हणजे म्हशीपुढं पोथी वाचणं.

चार पाकळ्या झाल्या. मी त्यांना नावं ठेवली. तिसरी वाकडी म्हटलं, चौथीचा काठ सैल म्हटलं. खरं सांगायचं तर चौथीचा काठ बघून मी घरात गेले होते आणि माझ्या हातातलं काम दिवसभर उशीला तसंच टोचून ठेवलं होतं. पऱ्हाटीची पाकळी उमलताना एका अंगाला मुरडते ना, ती मुरड तू नुसत्या दोऱ्याच्या ओढीनं आणली होतीस. उलट्या हातानं. उलट्या हातानं, रशीदा! तुला ते सुलट्या हातानं जमलं असतं का, कोण जाणे. नसतं जमलं बहुधा. याचा अर्थ तू बरोबर होतीस असा नाही होत.

पाचवी अर्धी झाली आणि तुला ताप आला.

ज्या दिवशी गेलीस त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्या घरात पुढच्या दारानं आले. दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. बायांच्या घोळक्यात मला जागा करून दिली ती हसीनानं. तुझं तोंड पाहिलं. काही बोलत नव्हतीस, त्यामुळे ओळखू येत नव्हतीस. घरी परतले तर सासूबाईंनी अंगणातच आंघोळीचं पाणी ठेवलेलं. ते मयतीहून आल्याबद्दल की मुसलमानाच्या घरून आल्याबद्दल, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. डोक्यावरून पाणी ओतलं की तोंडावरचं दुसरं पाणी दिसत नाही, एवढाच त्या आंघोळीचा उपयोग झाला.

मग मड्डम आली. तिचे डोळे लाल होते, उन्हानं असतील. भिंतीशी उभी राहून तिनं उशीवरचं फडकं काढलं, चार पाकळ्या आणि अर्धी पाकळी पाहिली आणि निकाल दिला. अर्धी पाकळी काढून टाकावी. इंदिराबाईचा हात बरोबर आहे. इंदिराबाईनं पाचवी नवीन करावी. काम झालं की उशी आणि कांड्या मिशनला परत.

मी म्हटलं, "मड्डमसाहेब, मेलेल्या बाईची चूक काढायला फार उन्हाच्या आलात."

ती म्हणाली, "मी तिला जिवंतपणी पण सांगितलं होतं." हे मात्र खरं होतं. मला तिचा अजूनच राग आला.

ती गेल्यावर हसीनानं उशी उचलून माझ्या बाजूला सरकवली. पोरगी तुझ्यासारखी नाही. तिच्या तोंडून शब्द मागून घ्यावा लागतो. म्हणाली, "मावशी, नवी नोका करू. हेच पुरी करा. अम्माची हाये थे."

"हसीना, माह्या हातानं केली तं रेघ येईन."

"येऊ द्या. कोन पाहते?"

कोण पाहतं! मणियाराच्या घरची, रशीदाच्या पोटची पोर, आणि कोण पाहतं म्हणते. मी तुझ्यावर चिडले. तू तिला काही शिकवलंच नव्हतंस. तिला तुझं फूल डोक्यावर घेऊन सासरी जायचं होतं, पुरतं फूल, आणि पाचवी पाकळी तुझीच पाहिजे होती. आईशिवाय उभी राहणार होती त्या मांडवात पोरगी. नाही कसं म्हणणार? पण रेघ ठेवून द्यायची माझी तयारी नव्हती. मी ठरवलं, तुझ्या हातानं करायचं. म्हणजे उलटं.

जिथं तू थांबली होतीस तिथं खूण म्हणून मी एक काळी टाचणी खोवली आणि बसले. काय सांगू तुला! माझा डावा दोरा आपोआप वर चढायचा. चार फेऱ्या व्हायच्या, पाचवीला हात आपल्या वळणावर जायचा, पुन्हा मागं घ्या. तुला शिव्या दिल्या, मड्डमीला दिल्या, मड्डमीच्या खुर्चीला दिल्या. हात काही ऐकेना. शेवटी एके दुपारी मी उशी उचलली, भिंतीवर पाय टाकला आणि तुमच्या परसात उतरले. या वयात! लुगडं फाटलं. तुझ्या दगडावर जाऊन बसले. सासूबाईंनी पाहिलं, कपाळ बडवून घेतलं. बडवू दे.

तुझ्या दगडावरून आमचं परस कसं दिसतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बाळ गेल्यावर मी जिथं बसून राहायचे ती लिंबाखालची जागा अगदी नाकासमोर येते. दुसरीकडे बघायचं म्हटलं तरी बघता येत नाही. म्हणजे तू मोठी दया केलीस वगैरे काही नाही, तुला रोज मी समोर दिसत होते आणि तू वैतागली होतीस, एवढंच. तरीही मी तिथं बराच वेळ कांडीला हात लावला नाही.

तिथं बसल्यावर तुझे हात मला समोर असल्यासारखे आठवायला लागले. आणि बोलल्याशिवाय ते चालत नव्हते. म्हणून मी तुझं सगळं मोठ्यानं बोलत गेले, तुझ्याच आवाजात: गळा आवळते का, गाईची जीभ हाये का, गाढवालेबी येते. हसीना दारातून बघत होती. तिला वाटलं असेल मावशीचं डोकं गेलं. पण उजवा डाव्यावर बसायला लागला. काही दिवसांत पाकळी टोकाला पोचली. मुरडसुद्धा आली. तुझ्यासारखी आली, काय समजलीस?

टाचण्या काढण्याआधी, दोरे तोडण्याआधी मी हसीनाला बोलावलं. ती वाकून वाकून बघत राहिली, बोट फिरवत राहिली. काळ्या टाचणीच्या दोन्ही अंगांना तिला फरक सापडेना. तिचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर फार बरं वाटलं.

"काईच नाई दिसत, मावशी. हे टाचणी काढली की झालं. अम्मानंच पुरी केली असं सांगीन म्या सगळ्यायले."

आणि तिथं माझं डोकं फिरलं. पुरी केली? तू? तू कुठं पुरी केलीस? तू अर्ध्यात टाकून गेलीस! पोरीच्या निकाहाच्या तोंडावर, पाकळी अर्धी, भांडण अर्धं, मला या बाजूला उभी ठेवून निघून गेलीस. आणि मी इथं बसून तुझा आवाज काढून, तुझा हात काढून, तू गेलीसच नाहीस असं करून ठेवलं होतं. त्या पाटलिणीत आणि माझ्यात मग फरक काय राहिला? तिनं तुझी जीभ गोड करून टाकली, मी तुझं मरण पुसून टाकलं. तुझा हात आता जगात कुठं थांबला, हे कोणालाच कळणार नव्हतं. मलाही नाही.

मी हसीनाला काही सांगितलं नाही. उशी घेऊन भिंत ओलांडून आमच्या बाजूला आले. एकेक टाचणी उपटत, एकेक फेरी मागं घेत, काळ्या टाचणीपर्यंत सगळं उसवलं. इतक्या कष्टानं घातलेलं मीच काढत होते आणि रडत होते. सासूबाईंनी विचारलं, मी सांगितलं कांदा कापते आहे. समोर उशी होती, कांदा नव्हता. त्या वळून घरात गेल्या. जन्मात एकदा त्या बाईनं समजूतदारपणा दाखवला, तो हा.

मग मी माझ्या हातानं सुरू केलं. डावा उजव्यावर. मड्डमीचा हात, बरोबर हात, तू भिंतीवरून मला उलटा दिलेला आणि माझ्याकडे येऊन सुलटा झालेला हात. पाकळी भराभर झाली. मुरड माझ्या ओढीत येत नाही, आली नाही. टोकाकडचा भाग सरळच राहिला. तू नावं ठेवली असतीस. ठेव.

आज दुपारी टाचण्या काढल्या, पाची पाकळ्या बुडाशी जोडल्या आणि हसीनाला भिंतीशी हाक मारली. तिनं फूल तळहातावर घेतलं. अंगठा फिरवत फिरवत पाचव्या पाकळीवर आली आणि थांबली.

"हे काय वो, मावशी? परवा तं नव्हतं. इथी रेघ लागते."

मी म्हटलं, "रेघेच्या अलीकडं तुही अम्मा हाये. तिथी थे उठून गेली. पलीकडलं माहं."

तिचा अंगठा रेघेवरून इकडून तिकडं, तिकडून इकडं. मला वाटलं आता म्हणेल, काढून टाका, लग्नाच्या ओढणीवर असलं नको. म्हणाली असती तर मी काढूनही टाकलं असतं. तिनं डोक्यावरची ओढणी उतरवली, माझ्यासमोर भिंतीवर पसरली आणि फूल त्याच्यावर ठेवून फिरवत फिरवत ती पाकळी पुढं आणली.

"हे सामोर ठेवजा, मावशी," ती म्हणाली. "मांगं नोका टाकू."